टाके निघाले, मग दुखतंय कशाला?

जखम भरते, खपली पडते, बाकीचे सगळे विसरून जातात. बोट मात्र विसरत नाही. कीबोर्डवर, बॅगेच्या चेनवर, एसीच्या गार झोतात ते आठवण करून देत राहतं. भरलेल्या जखमेच्या या न भरलेल्या दुखण्याविषयी...

मे महिन्यातला रविवार, ऐरोलीतला आमचा टू बीएचके, तीन रूममेट्स आणि गावाहून आलेली आंब्याची पेटी. फोडी करायची आयडिया कुणाची होती आठवत नाही, सुरी मात्र माझ्या हातात होती. कोयीला सुरी अडली, मी जोर लावला आणि ती सटकली. डाव्या हाताच्या तर्जनीला, अंगठ्याकडच्या बाजूने, मधल्या पेराजवळ एक सरळ चीर. रक्त बघून एक रूममेट खुर्चीत बसली, दुसरीने रिक्षा आणली.

जवळच्या क्लिनिकमध्ये चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि 'बारा दिवसांनी या'. बारा दिवसांनी टाके निघाले. एक बारीक गुलाबी रेघ उरली. 'छान भरलीय जखम, आता मोकळ्या तुम्ही,' डॉक्टर म्हणाले. मीही खूश. ऑफिसात सगळ्यांना रेघ दाखवून झाली.

सोमवारी कीबोर्डवर एफ दाबलं आणि बोटाच्या टोकापर्यंत अशी सणक गेली की मी हात झटकला. वाटलं, नवीन आहे, जाईल. पण महिना झाला, दोन झाले. मेलच्या शेवटी 'रिगार्ड्स' लिहायचं म्हणजे शिक्षाच. आर, जी आणि परत आर, तिन्ही अक्षरं डाव्या तर्जनीच्याच वाट्याची! जीन्सच्या खिशात हात घालताना कळ, बॅगेची चेन लावताना कळ, कुर्त्याची बाही नुसती घासली तरी कळ. ऑफिसातला एसी तर माझा वैरीच झाला. मी नऊ बोटांनी टाइप करायला शिकले. दहावं बोट हवेत, चहाचा कप धरणाऱ्या मडमेसारखं.

सगळ्यात जास्त वैताग दुखण्याचा नव्हता, 'अजून?' या शब्दाचा होता. 'अजून दुखतंय? टाके तर कधीच निघाले!' टीम लीडने एकदा हसत हसत विचारलं, 'मॅडम, कोयता लागला होता का?' मी फार्मसीतून पेनकिलर घेऊन पाहिली, ढिम्म फरक नाही. शेवटी मलाच वाटायला लागलं की आपण नाटकं करतोय. दिसायला काही नाही, सूज नाही, पू नाही. मग दुखतंय काय?

कातडीचं कॅलेंडर वेगळं, नसेचं वेगळं

चौथ्या महिन्यात एका मैत्रिणीने हाताच्या सर्जन बाईंकडे पाठवलं. (हो, फक्त हाताचे सर्जन असतात. मलाही माहीत नव्हतं.) त्यांनी रेघेकडे फारसं पाहिलंच नाही. पेनाच्या टोकाने रेघेवर हलकेच टकटक केलं. एका ठिकाणी मी खुर्चीतून उडालेच.

'हं,' त्या म्हणाल्या, 'सापडलं.'

या टकटकीला नाव आहे: टिनेल साइन. ज्यूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना तपासताना 1915 साली ती मांडली. जर्मनीत त्याच वर्षी पॉल हॉफमन यांनीही हेच लिहिलं. दोन देश एकमेकांशी लढत होते आणि दोन्हीकडचे डॉक्टर एकच गोष्ट शोधत होते! नस जिथे दुखावलेली असते किंवा नव्याने वाढत असते, तिथे टकटक केली की झिणझिण्या उठतात.

मग बाईंनी टेबलावरची यू-पिन उचलली, वाकवून तिची दोन टोकं शेजारीशेजारी आणली आणि म्हणाल्या, 'डोळे मिटा. एक टोक लागतंय की दोन?' बोटाच्या टोकावर पाच-सहा मिलिमीटरवरची दोन टोकं निरोगी माणसाला वेगळी कळतात. माझ्या उजव्या हाताला कळली. डाव्या तर्जनीच्या त्या बाजूला मी दर वेळी 'एक' म्हणत होते. म्हणजे एकाच जागी बोट बधिरही होतं आणि नको इतकं हुळहुळंही.

गणित असं आहे. प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजूंनी एकेक बारीक नस टोकापर्यंत जाते. माझी सुरी कातडीखाली उतरली तेव्हा त्यातल्या एका नसेलाही लागली होती. कातडी दहा-बारा दिवसांत मिटली, कारण तिला फक्त दोन काठ जोडायचे होते. अर्थात तिचंही काम तिथे संपत नाही. व्रण आतून वर्षभर आणि कधी त्याहून जास्त काळ बदलत राहतो, आणि शेवटी मूळ कातडीच्या साधारण 80 टक्के ताकदीपर्यंतच पोचतो. नसेचं मात्र वेगळंच. कापल्या जागेपासून पुढचा धागा वाळून जातो आणि मागून नवा धागा वाढत यावा लागतो. वेग? दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. तोही सुरुवातीचे काही आठवडे तयारीत गेल्यावर.

हा धागा वाढताना त्याच्यावर नीट वेष्टण नसतं. आवरण निघालेली वायर समजा, कुठेही टेकली की ठिणगी. त्यात वाटेत व्रणाचा घट्ट गठ्ठा आडवा आला, तर धाग्यांना पुढचा रस्ता सापडत नाही आणि ते तिथेच एकमेकांत गुंततात. खिशातून काढलेल्या इअरफोनच्या वायरीसारखा गुंता. त्याला म्हणतात न्यूरोमा. असतो एवढासा, मोहरीएवढाही असू शकतो, पण त्रास डोंगराएवढा.

झिणझिण्यांची जागा दर महिन्याला टोकाकडे सरकत असेल तर बातमी चांगली, नस वाढतेय. एकाच जागी अडून बसली असेल तर गुंता झालाय. माझी थोडी सरकली होती, थोडी अडली होती. 'अर्धवट कापली गेली असावी,' बाई म्हणाल्या. 'पहिल्याच दिवशी कुणी विचारलं होतं का, पुढे बधिर वाटतंय का?' नव्हतं विचारलं. मीही बोलले नव्हते. रक्त थांबतंय की नाही एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

'दुखतंय' म्हणजे नेमकं काय होतंय?

बाईंनी विचारलेला पुढचा प्रश्न मला फार आवडला. 'दुखतंय हा शब्द न वापरता सांगा.'

मी अडखळले. आणि मग एकेक शब्द यायला लागले. सणक जाते. करंट लागतो. मुंग्या येतात. हुळहुळतं. गार वाऱ्याने आग होते.

त्या लिहून घेत होत्या. ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर उठणारं दुखणं, तिथे सूज किंवा पू असण्याची शंका येते. सांधा अवघडला, आखडला तर तो वेगळा. पण करंट, मुंग्या, आग, हुळहुळ हे शब्द आले की डॉक्टरांचे कान नसेकडे वळतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 साली वेदनेच्या 78 शब्दांची 20 गटांत मांडणी करून एक प्रश्नावलीच बनवली होती, ती जगभर वापरली गेली. आपल्याकडे आज्यांच्या तोंडी तेवढे शब्द सहज सापडतील. आपण मात्र डॉक्टरसमोर बसलो की 'पेन होतंय' एवढंच सांगतो आणि पेनकिलर घेऊन घरी येतो. सूज उतरवणारी साधी पेनकिलर नसेच्या दुखण्यावर फारशी चालत नाही. माझी का चालली नाही ते असं कळलं.

आणि तो एसी? गार-गरम ओळखणारे बारीक सेन्सर आपल्या नसांच्या टोकांवर असतात. मिरची 'गरम' का लागते आणि पुदिना 'गार' का, हे या सेन्सरवरून शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. दुखावलेल्या नसेत हा सगळा कारभार बिघडतो. साधा गारवा वेदना म्हणून वर पोचतो. हाताला नसेची इजा झालेल्यांची ही अगदी नेहमीची तक्रार आहे. म्हणजे एसी बंद करा म्हणणारे सगळे नाटकी नसतात, लक्षात ठेवा!

स्वतःची नस कापून घेणारा डॉक्टर

घरी येऊन गुगलवर बसले, तर एक भन्नाट माणूस भेटला. हेन्री हेड, लंडनचे मेंदूतज्ज्ञ. नस कापल्यावर संवेदना परत कशी येते, हे पेशंट नीट सांगू शकत नाहीत म्हणून त्यांनी 25 एप्रिल 1903 रोजी स्वतःच्या डाव्या हाताची नस एका सर्जनकडून कापून घेतली आणि पुन्हा जोडून घेतली. मग चार वर्षांहून अधिक काळ ते लंडनहून केंब्रिजला आपले मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे जात राहिले. हेड डोळे मिटून बसायचे आणि रिव्हर्स त्यांच्या हाताला टाचणी, कापूस, बर्फ लावून नोंदी करायचे. 1908 साली 'ब्रेन' या जर्नलमध्ये ते सगळं छापून आलं.

त्यांना काय दिसलं? संवेदना परत येताना आधी येते ती रांगडी, अर्धीकच्ची. साधी टाचणीही नको इतकी झोंबते, आणि लागली एका जागी तरी कळ भलतीकडेच पसरते. नाजूक स्पर्श, नेमकी जागा, हे सगळं फार उशिरा येतं. यावरून त्यांनी मांडलेली दोन प्रकारच्या नसांची थिअरी पुढे टिकली नाही, पण नोंदी वाचताना मी तीन वेळा 'अरे, सेम!' म्हटलं. शंभर वर्षांपूर्वीचा एक मिशीवाला साहेब माझ्या बोटाचं वर्णन करत होता. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की मी वेडी नाहीये.

तसं अधिकृत नावही आता आहे. इजा किंवा ऑपरेशननंतर, जखम भरूनही तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत स्वतःची जागा आहे. ही यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली.

लपवलंत तर रुसेल

मी चार महिने काय करत होते? बोट जपत होते. कुठे लागू नये म्हणून हवेत धरत होते, वर बँड-एड लावत होते. बाईंनी हेच आधी बंद करायला लावलं.

कारण नुसतं बोटात नसतं. मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो. वाइल्डर पेनफिल्ड यांनी शुद्धीत असलेल्या पेशंट्सच्या मेंदूवर ऑपरेशन करताना तो शोधला, 1937 साली प्रसिद्ध केला. त्यात बोटांना आणि ओठांना प्रचंड जागा आहे, अख्ख्या पाठीला चिमूटभर. तर एवढ्या मोठ्या वॉर्डाकडून महिनोन् महिने फक्त 'धोका, धोका' अशीच खबर येत राहिली, की पाठीचा कणा आणि मेंदू तिचा व्हॉल्यूमच वाढवून ठेवतात. मग बाहीचा स्पर्शही किंचाळल्यासारखा ऐकू येतो. त्यावर उपाय एकच: त्या बोटाकडून रोज साध्या, निरुपद्रवी खबरा पाठवायच्या. कापूस लागला. टॉवेल लागला. काही झालं नाही.

याला म्हणतात डिसेन्सिटायझेशन. नाव भारी, सामान स्वयंपाकघरातलं. मी आईची जुनी सुती साडी, टर्किशचा टॉवेल, लोकरीचा मफलर आणि दोन डबे घेतले, एकात तांदूळ, एकात राजमा. पहिल्या आठवड्यात साडीवरच डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या आठवड्यात टॉवेल जमला. दोन महिन्यांनी मी तांदळात हात घालून चक्क टीव्ही बघत होते.

मग बाबांनी विचारलं...

दिवाळीला चिंचवडला घरी गेले तेव्हा डबे बरोबर होते. संध्याकाळी गॅलरीत बसून तांदळात बोटं फिरवत होते. बाबा पेपर वाचत होते. वाचता वाचता त्यांनी विचारलं,

'करंट लागतो का गं?'

मी थांबले. हा शब्द मी घरात कुणालाच सांगितला नव्हता.

माझे बाबा भोसरीत पॉवर प्रेसवर होते. 1998 साली त्यांच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर प्रेसखाली गेलं. मी लहान होते. एवढंच आठवतं की ते महिनाभर घरी होते आणि मला मज्जा वाटली होती. मग टाके निघाले, ते कामावर हजर झाले आणि विषय संपला. थंडी पडली की त्यांचा डावा हात कायम खिशात असायचा. आई चिडवायची, 'बघा, आले राजेश खन्ना!' आम्हीही हसायचो. ते शर्टाची बटणं मधल्या बोटाने लावतात, लाइटचं बटण दाबतात तेही त्याच बोटाने. मी जन्मभर बघत आलेय. ती त्यांची स्टाइल आहे असं मला वाटायचं.

'तुम्हाला लागतो?' मी विचारलं.

'डिसेंबर-जानेवारीत जास्त. एरवी कुठे आपटलं तर.' आणि पेपरचं पान उलटत, 'सवय झाली आता.'

'बाबा, इतकी वर्षं? कधी बोलला नाहीत!'

'टाके निघाल्यावर काय बोलायचं? आणि बोट तर नाहीचे, दाखवणार काय?'

मला माझं चार महिन्यांचं रडगाणं आठवलं. मला 'अजून?' विचारणारे तरी होते. त्यांना कुणी तेवढंही विचारलं नव्हतं. आणि विचारणाऱ्यांत मी नव्हते.

दिवाळी संपल्यावर मी त्यांना बाईंकडे घेऊन गेले. 'म्हातारपणी कशाला' वगैरे सगळं झालं. बाईंनी पेन काढलं, थोट्या बोटाच्या टोकाला एका जागी टकटक केलं आणि बाबांच्या तोंडून जो आवाज आला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. न्यूरोमा, पेराच्या टोकाशी, इतक्या वर्षांचा. बाईंनी पर्याय सांगितले: नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या, टोकावर घालायची सिलिकॉनची टोपी, डिसेन्सिटायझेशन, त्या जागी इंजेक्शन आणि नाहीच जमलं तर छोटं ऑपरेशन. त्यात गुंता काढून नसेचं टोक आत, मऊ सुरक्षित जागी दडवतात. बाबांनी ऑपरेशनला हात जोडले, बाकीचं घेतलं.

इतक्या वर्षांचं दुखणं महिन्याभरात जात नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. गेलंही नाही. पण टोपी घालून ते आता लाइटचं बटण त्या बोटाने दाबतात. दाबून माझ्याकडे बघतात.

माझं म्हणाल तर, एफ जमतं, जी जमतं, एसीशी अजून तह व्हायचाय. 'रिगार्ड्स' मात्र मी आता मुद्दाम पूर्ण लिहिते, तिन्ही अक्षरं त्याच बोटाने.

आणि रोज रात्री नऊच्या सुमारास फोन येतो. 'झाले का तुझे तांदूळ?' बाबा विचारतात. मागून आईचा आवाज, 'दहा मिनिटं झाली, डबा द्या आता, उद्याच्या भाताचे आहेत ते!'

घरच्या घरी: हुळहुळ्या व्रणासाठी

- जखम पूर्ण मिटल्याशिवाय, खपली पडल्याशिवाय सुरू करू नका.
- सगळ्यात मऊ वस्तूपासून सुरुवात: कापूस, जुनी सुती साडी. ती सहज सोसवायला लागली की टॉवेल, मग लोकर, मग तांदूळ-राजम्याचा डबा.
- एका वेळी 5 ते 10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा. थोडं नकोसं वाटेल इतपतच, कळ मारेपर्यंत नाही.
- साधं क्रीम किंवा खोबरेल लावून व्रणावर गोल गोल मसाज. खालच्या थराला चिकटलेला व्रण त्याने सैल व्हायला मदत होते.
- बोट वापरा. टाइप करा, बटणं लावा, भाजी निवडा. हवेत धरू नका.
- कोवळ्या व्रणाला उन्हात सनस्क्रीन लावा, नाहीतर डाग गडद होतो.

डॉक्टरांकडे कधी?

- त्याच दिवशी: कापल्यावर पुढचा भाग बधिर वाटला किंवा बोट वाकत नसेल, सरळ होत नसेल तर. नस किंवा स्नायूबंध तुटला असू शकतो. तो लवकर जोडला तर फायदा जास्त, म्हणून टाके घालतानाच सांगा.
- लगेच: लाली पसरतेय, ठणका वाढतोय, पू किंवा ताप आहे.
- काचेने कापलं होतं आणि दाबल्यावर एकाच जागी टोचतं. आत कण राहिलेला असू शकतो, एक्स-रे किंवा सोनोग्राफीत तो सहसा सापडतो.
- हाताला सूज, रंग बदलणं, जास्त घाम आणि जखमेच्या मानाने भलतंच दुखणं. यात उशीर नको.
- आणि तीन महिने उलटूनही करंट लागत असेल तर. 'टाके निघाले, आता काय सांगायचं' असं म्हणत बसू नका.